तोरणवालीचं पाव पान

काय दिवस आलेत बघा! सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या आमच्या सोसायटीत पूर्वी गच्चीवर पापड वाळवता वाळवता कोणाची सून कोणाशी बोलत नाही, कोणाच्या फ्रीजचे हप्ते थकलेत असल्या सात्त्विक विषयांवर बोलणं व्हायचं. आता बायका ‘पाव पान घेतलंस की पट्टी?’ असं विचारतात. पान विड्याचं नव्हे हो, दिवाळी अंकातलं. जाहिरातीचं!

ही साथ कानबाईच्या जागरणात आली. धुळं, नंदुरबार, जळगाव सोडून मिलच्या पगारावर इकडे आलेली आम्ही खानदेशी माणसं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की अख्खी सोसायटी एका खोलीत मावते. यंदा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी देवीमागे क्रोशाचं सात रंगी तोरण लावलं होतं. विणकामाची पानं असलेल्या कुठल्याशा दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करणारे एक भाऊ दर्शनाला आले. प्रसाद घेण्याआधी त्यांनी दरपत्रक काढलं आणि म्हणाले, “ताई, एवढी कला आणि लपवून ठेवली?” आता दारावर टांगायची वस्तू लपवणार कशी, हे विचारायला हवं होतं. पण वहिनींचे डोळे पाणावले होते. “काय सांगू वं माय,” असं म्हणून शेजारच्या आक्काही डोळे पुसायला लागल्या. त्यांच्या मोत्यांच्या रांगोळ्यांबद्दल तर कोणी अवाक्षरही काढलं नव्हतं.

पुढचं सांगायलाही लाज वाटते. वहिनींना त्या महिन्याची भिशी लागली होती, मिक्सर घ्यायचा म्हणून. मिक्सर आला नाही, पाव पान आलं. साडेचार हजार रुपये, तेही कृष्णधवल! रंगीत पानाचा दर ऐकून त्यांच्या मालकांनी नुसतं पाणी मागितलं. आठवड्याभरात रांगोळीवाल्या आक्कांनी पट्टी घेतली, आणि कटपीसच्या गोधड्या शिवणाऱ्या मावशी अर्ध्या पानासाठी बांगडी मोडायला निघाल्या. त्यांच्या लेकाने जिन्यातून परत आणलं.

मी आपली वाणसामानाच्या कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. तोरण साडेतीनशेचं. लोकर, मणी, घुंगरू एकशे दहा. कुरियर नव्वद. उरले दीडशे. साडेचार हजार नुसते वसूल व्हायला तीस तोरणं विकायला हवीत. एका तोरणाला तीन दुपारी लागतात, म्हणजे नव्वद दुपारी. जाहिरात फसली तर पैसे गेले, आणि चालली तर बाई तीन महिने उठायची नाही! तीस तोरणं हाती येईतो संक्रांत उजाडणार. दिवाळीचं गिऱ्हाईक तेव्हा तिळगूळ वळत असणार. मी हे वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुला मेलीला कलेतलं काय कळतं?”

बरं, यांना नावं ठेवायची तर थोरामोठ्यांनाही ठेवावी लागतील. किर्लोस्करांनी 1920 साली कारखान्याच्या मालाची ओळख करून द्यायला ‘किर्लोस्कर खबर’ काढली. तिचंच पुढे घरोघरी वाचलं जाणारं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि 1930 साली पाठोपाठ ‘स्त्री’ही आलं. दुसऱ्याचं पाव पान घेण्याऐवजी त्यांनी सगळी पानं आपलीच ठेवली! पण त्यांच्याकडे विकायला नांगर होते, आणि मागणी आली की आणखी ओतायला भट्टी होती. वहिनींकडे एक सुई आहे, आणि दुपारी दोन ते पाचच्या मधे कोणी पाहुणा आला नाही तर रिकामे असलेले दोन हात.

दिवाळी अंकवाल्यांवरही माझा राग नाही. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याला फराळाबरोबर वाचायला लागतं, आणि कथा-कवितांच्या कागदाचे पैसे बहुतेक ठिकाणी जाहिरातच भरते. भरावेत, सोन्या-चांदीच्या पेढ्यांनी भरावेत, बँकांनी भरावेत. भिशीने कशाला?

अंक आला वसुबारसेला. तोवर लोकांची तोरणं लागूनही गेली होती. पान 118 उघडलं तर वहिनींचं सात रंगी तोरण कृष्णधवल होऊन एखाद्या हवालदाराच्या मिशीसारखं दिसत होतं. गच्चीवर कोणी हसलं नाही. हसणाऱ्या खाली जिन्यात थांबल्या होत्या.

आणि फोन? आले ना! पहिला दुसऱ्या एका अंकाचा: “तुमची जाहिरात पाहिली, आमच्याकडे दर कमी आहे.” दुसरा तिसऱ्या अंकाचा. तिसरा फोन सांगलीहून, एका काकूंचा. तोरण फार आवडलं म्हणाल्या, आणि मग विचारलं, “शेवटच्या ओळीत खांब दुहेरी घेतलाय का हो? मी करून बघतेय.” पुढच्या चौघींनी क्लास घेता का म्हणून विचारलं. इथे माझ्या डोक्यात उजेड पडला. विणकामाची पानं असलेला अंक कोण वाचतं? जिला विणता येतं ती! तिला तोरण विकायला जाणं म्हणजे सुरतेच्या माणसाला लोचो विकणं. तिला नमुना विकावा, लोकर विकावी, क्लास विकावा. तयार तोरण घेणारी बाई वेगळी, तिला सुई धरता येत नाही, आणि ती पान 118 पर्यंत पोचत नाही.

समोरच्या गुजराती बेननी अंक हातात घेतला, वजन पाहिलं आणि एवढंच विचारलं, “आमां ऑर्डर केटला आव्या?” सगळ्या मराठी बायका एकदम फराळाच्या ताटाकडे वळल्या. खरं तर हे गणित बेनच्याच माहेरचं. 1959 साली गिरगावात सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिली चार पाकिटं भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. पाव पान घेतलं नाही, आधी दुकानदार धरला. त्याच पापडाचं पुढे लिज्जत झालं. त्यांनी आमच्या मुलखात जाऊन हे केलं, आणि आम्ही त्यांच्या मुलखात येऊन काय करतोय? जाहिरातीचे पैसे भरतोय.

मग वहिनी पस्तावल्या असतील? छे! पाच अंक घेतले, स्वतःच्या पैशाने. एक नंदुरबारला माहेरी गेला, एक सासऱ्यांच्या भजनी मंडळात फिरतोय. एरवी या बाई सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या साड्यांवर नगाच्या भावाने स्टोन चिकटवतात. ती साडी कोण नेसतं हे त्यांना कळत नाही, आणि नेसणारीला यांचं नाव कळत नाही. पान 118 वर मात्र नाव आहे, पूर्ण, सासरच्या आडनावासकट. सासूबाईंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं आणि लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर प्रथमच सुनेला चहा करून दिला. साडेचार हजारांत हे मिळत असेल तर महाग की स्वस्त, तुम्हीच बोला. मी फक्त म्हणते, त्याला जाहिरात म्हणू नये. हौस म्हणावी आणि हौसेच्या खात्यात लिहावी.

धंद्याचं म्हणाल तर यंदाची एकमेव खरी ऑर्डर कानबाईतूनच निघाली. जागरणाला आलेल्या एका बाईंनी तोरण हाताने चाचपून पाहिलं होतं. त्यांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून क्रोशाच्या 51 छोट्या बटव्यांचं सांगितलं, निम्मे पैसे आगाऊ देऊन. दरपत्रक नाही, पाव पान नाही. अर्धे बटवे आक्का विणताहेत. रांगोळीची पट्टी त्या पुन्हा घेणार नाहीत असं निदान आजपर्यंत तरी म्हणतात.

तुम्हालाही वाण हवं असेल तर मार्गशीर्षातच सांगा, पौषात हात रिकामे नसतात. नंबर माझ्याकडे आहे. पान 118 बघत बसू नका, तिथला शेवटचा आकडा नीट उमटलेला नाही.