निर्गुण पत्त्यांचा उपासक

मराठवाड्यातील गावांतून पुण्याच्या संगणक कंपन्यांत गेलेल्या आणि तेथे कल्पनारम्य पत्त्यांच्या खेळाची बाधा झालेल्या तरुणांमध्ये जे अनेक उपप्रकार आढळतात, त्यांत 'निर्गुण पत्त्यांचा उपासक' हा संख्येने अल्प, परंतु आवाजाने मोठा असा प्रकार होय. त्याचे वास्तव्य वर्षभर हिंजवडीच्या आसपास असले, तरी त्याचा स्वभाव पूर्णपणे उमलतो तो चैत्री पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे येडेश्वरीच्या यात्रेसाठी तो येरमाळ्याला येतो तेव्हा. कारण पुण्यात त्याचे म्हणणे कोणी ऐकून घेत नाही आणि येरमाळ्यात ऐकणाऱ्यांना उठून जाण्याची सोय नसते. प्रस्तुत लेखात या उपप्रकाराची लक्षणे, त्याची तत्त्वप्रणाली आणि तिचे घरगुती परिणाम यांचा विचार करावयाचा आहे.

ज्या खेळाभोवती त्याचे आयुष्य फिरते तो 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचला आणि 1993 मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या अमेरिकन कंपनीने बाजारात आणला. प्रत्येक खेळाडू स्वतःच्या संग्रहातून साधारणतः 60 पत्त्यांची गड्डी, म्हणजेच 'डेक', बांधून आणतो, दोघांनाही आरंभी 20 प्राणांक मिळतात आणि ज्याचे प्राणांक आधी शून्यावर येतात तो हरतो. पत्ते मुख्यतः तीन जातींचे असतात: जमिनी, मंत्र आणि प्राणी. मैदान, बेट, दलदल, डोंगर व जंगल अशा पाच मूळ जमिनींपैकी एकेक जमीन दर पाळीला मांडायची, ती आडवी करून तिच्यातून 'माना' नावाची ऊर्जा काढायची आणि त्या ऊर्जेच्या मोबदल्यात मंत्र टाकायचे किंवा प्राणी उतरवायचे, असा हा एकंदर व्यवहार आहे. प्राण्याच्या पत्त्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दोन आकडे असतात, त्यांतील पहिला त्याची मारण्याची शक्ती आणि दुसरा मार खाण्याची ताकद दाखवतो; बहुतेक प्राण्यांच्या पत्त्यांवर याशिवाय चित्राखालच्या चौकटीत त्यांचे खास गुणही बारीक अक्षरांत छापलेले असतात, जसे की हा प्राणी उडतो, हा मैदानात येताच एक जादा पत्ता मिळवून देतो, हा मेल्यावर शत्रूला चावा घेतो.

काही प्राण्यांच्या पत्त्यांवर मात्र असा एकही गुण लिहिलेला नसतो. इंग्रजी खेळाडू अशांना 'व्हॅनिला' म्हणतात. आपल्या विवेच्य व्यक्तीने त्यांना 'निर्गुण' असे नाव दिले असून, हे नामकरण आपल्या संतपरंपरेला धरून असल्याचा त्याचा दावा आहे. त्या चौकटीत फार तर एखादे शोभेचे वाक्य असते, ज्याचा खेळावर कसलाही परिणाम होत नाही. त्याचे आराध्यदैवत म्हणजे 'ग्रिझली बेअर्स' हा 1993 च्या पहिल्याच संचातील पत्ता: दोन माना मोजाव्यात आणि दोन शक्तीचे, दोन ताकदीचे अस्वल घ्यावे, बाकी काही विचारू नये. जगभरच्या खेळाडूंमध्ये दोन मानाच्या कोणत्याही दोन-दोन प्राण्याला 'अस्वल' म्हणण्याचा प्रघात पडला, तो याच पत्त्यामुळे. त्याच संचात तीन मानाला तेवढ्याच बळाचा 'ग्रे ओगर' हा राक्षसही होता, आणि एक माना जास्त मोजून तेवढेच बळ विकत घेणाऱ्या त्या काळच्या खेळाडूंविषयी हा उपासक आजही हळहळतो.

कळंबच्या आठवडी बाजारातून घरी परतलेल्या माणसाने भाव सांगावेत, त्या तोंडपाठपणाने तो निर्गुण प्राण्यांचे भाव सांगतो. 2005 मध्ये आलेला 'वॉचवुल्फ' दोन मानात तीन-तीन देत असे, पण त्याला दोन रंगांच्या जमिनी लागत. 2010 चा 'लेदरबॅक बॅलॉथ' तीन हिरव्या मानात चार-पाच देऊ लागला. 2013 मध्ये 'कॅलोनियन टस्कर'ने दोन हिरव्या मानात तीन-तीन दिले. आणि 2018 च्या 'गिगँटोसॉरस'ने तर पाच हिरव्या मानात दहा-दहाचा डायनासोर पदरात टाकला. या प्रत्येक भावाबरोबर तो श्रोत्याच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि तेथे अपेक्षित आश्चर्य न दिसल्यास तोच भाव थोडा मोठ्याने पुन्हा सांगतो.

अशा निष्ठेची मुळे बालपणात शोधावी लागतात. नव्वदच्या दशकात वाढलेल्या या पिढीने डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांच्या पत्त्यांवर आपल्या सुट्ट्या खर्च केल्या होत्या, आणि त्या पत्त्यांवर क्रमांक, उंची, वजन, छातीचे माप व लढलेल्या कुस्त्या यांचे आकडे असत, गुणवर्णन नसे; ज्याचा आकडा वरचढ, त्याच्याकडे दोन्ही पत्ते जात आणि वाद झाल्यास मारामारीने मिटे. उपासक मात्र आपला वंश याहून बराच मागे नेतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा, मिळून 120 गोल पत्ते असतात, आणि त्यांतील मत्स्य, कूर्म किंवा वराह यांच्या पत्त्यावर तो मैदानात आल्यावर काय करतो हे कोणी लिहून ठेवलेले नाही, याकडे तो विजयी मुद्रेने लक्ष वेधतो. गंजिफा हा हात जिंकण्याचा खेळ असून त्यात प्राण्यांची झुंज नसते, हा आक्षेप त्याच्यापुढे घेण्यात अर्थ नाही. घेणाऱ्यांचा एक तास गेला आहे.

त्याची तत्त्वप्रणाली यात्रेच्या दुसऱ्या दिवशी परमोच्च बिंदूला पोहोचते. त्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि भाविक मोठ्या संख्येने रानातले चुनखडीचे खडे वेचतात. या खड्यांवर काय चमत्कार लिहिला आहे, असा सवाल तो खडे वेचता वेचता शेजारच्या भाविकाला करतो, आणि साध्या वस्तूंच्या राशीतच खरे सामर्थ्य असते, त्याचप्रमाणे साध्या प्राण्यांच्या डेकमध्येही असते, असा निष्कर्ष काढतो. शेजारचा भाविक बहुधा बार्शीकडचा असतो आणि उन्हाने आधीच हैराण झालेला असतो.

युक्तिवादात खोट आहे ती अशी. निर्गुण प्राणी मेला की त्याच्या मालकाच्या हाती काहीही उरत नाही, आणि एका मानात तीन घाव घालणाऱ्या 'लायटनिंग बोल्ट' या मंत्राने दोन मानाचे अस्वल सहज मरते. उलट मैदानात येताच पत्ता मिळवून देणारा प्राणी नंतर मेला तरी त्याचे काम झालेले असते, म्हणून अनुभवी खेळाडू दुबळ्या पण गुणी प्राण्याला पसंती देतात. नुसत्या बळाचा उपयोग किती, हे 2023 मध्ये आलेल्या 'यार्गल अँड मुलतानी' या पत्त्यावरून दिसते. बेडूक-पिशाच्च आणि वनदेवता यांच्या संयोगातून झालेला हा निर्गुण प्राणी सहा मानाला अठरा शक्ती देतो, म्हणजे वीस प्राणांकांच्या माणसाला एका तडाख्यात मरणाच्या दारी नेतो. परंतु त्याच्यापाशी शत्रूला तुडवून पलीकडे जाण्याचा गुण नसल्यामुळे एक शक्तीचा, एक ताकदीचा फडतूस गॉब्लिन आडवा आला की अठराच्या अठरा शक्ती त्या गॉब्लिनवरच खर्च होतात. उपासकाने हे पुष्कळदा पाहिले आहे आणि दर वेळी गॉब्लिनलाच दोष दिला आहे.

या अडचणीतून त्याला सोडवण्याचे कार्य काही सगुण पत्त्यांनीच केले आहे. 2007 च्या 'मुरागांडा पेट्रोग्लिफ्स' या पत्त्यामुळे ज्या प्राण्यांना एकही गुण नाही त्यांची शक्ती आणि ताकद प्रत्येकी दोनाने वाढते. 2021 मध्ये आलेला 'रुक्सा' हा अस्वलरूपी प्राध्यापक तर निर्गुण प्राण्यांना बळ देतो, मेलेल्यांपैकी एकाला हाती परत आणतो आणि आडव्या आलेल्या गॉब्लिनला वळसा घालून थेट शत्रूला मारण्याची मुभाही देतो. ज्या खेळप्रकारात 100 पत्त्यांच्या डेकला एक नायक नेमावा लागतो आणि प्राणांक 40 असतात, त्या 'कमांडर' प्रकारात उपासकाचा नायक अर्थातच रुक्सा असतो. निर्गुणांची तरफदारी करणाऱ्या या प्राध्यापकाच्या स्वतःच्या पत्त्यावरची चौकट मात्र मजकुराने गच्च भरलेली आहे, आणि उपासकाला जवळून ओळखणाऱ्यांना त्यात काहीही विसंगत वाटत नाही.

एवढे असूनही येरमाळ्यापुरता त्याचा पक्ष बरोबर ठरतो, आणि याचे श्रेय त्याच्या सिद्धांतांना नसून परिस्थितीला आहे. पुण्याचे भिडू येथे नसतात. भिडू म्हणून मिळतात ते सुट्टीला आलेले भाचे, दहावी नापास चुलतभाऊ आणि सोयाबीनच्या भावाची चौकशी करून परतलेले मामा. यांच्यापुढे इंग्रजी मजकुराचे पत्ते मांडले, की दर पत्त्याला भाषांतर करावे लागते, भाषांतरावर शंका निघतात आणि चहा येईपर्यंत पहिली पाळीही संपत नाही. निर्गुण पत्त्याला भाषांतर लागत नाही. ऐन डावात वीज गेली तरी कोपऱ्यातले ठळक आकडे मोबाइलच्या उजेडात दिसतात, बारीक मजकूर दिसत नाही. त्यामुळे उन्हाळ्याच्या भारनियमनात हा डेक कोणत्याही महागड्या डेकपेक्षा अधिक वेळ चालतो, ही नोंद खेळावरच्या इंग्रजी लेखकांनी घ्यायला हरकत नाही.

मामांना अडचण येते ती प्राण्यांची नसून जमिनीची. "आरं, ही जमीन बागायती हाय का कोरडवाहू?" असे ते पहिल्याच पाळीला विचारतात, आणि दर पाळीला एक नवी जमीन फुकट मांडता येते असे कळल्यावर तिचा सातबारा कोणाच्या नावावर आहे याची चौकशी करतात. ही शंका फिटली, की मात्र ते हातात जमीन नसताना मोठा प्राणी बाळगत नाहीत, जनावर उगाच मरू देत नाहीत आणि स्वस्तातला सौदा सोडत नाहीत. खेळाच्या जाणकारांना जे शिकायला वर्षे लागतात ते त्यांना घरचेच असते. उपासक त्यांच्याशी हरतो आणि हरल्यावर हा आपल्याच सिद्धांताचा विजय असल्याचे जाहीर करतो.

अलीकडच्या संचांत निर्गुण प्राणी विरळ होत चालले आहेत, कारण एखादा तरी गुण छापल्याशिवाय पत्ता रोचक होत नाही असा आता रचनाकारांचा कल आहे. उपासक याला सांस्कृतिक ऱ्हास म्हणतो आणि जुनी अस्वले जमवतो. यात्रेच्या दिवसांत येरमाळ्याच्या चौकात, सोलापूरकडच्या गाडीची वाट पाहताना, कोणी तरुण खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातले अस्वल काढून दाखवू लागला, तर वाचकांनी त्याच्याशी वाद घालू नये. एक डाव जरूर खेळावा आणि गॉब्लिन आपल्याकडे मागून घ्यावा.