भिंतीला खिळा ठोकू नये

शेजारच्या सोसायटीत परवा पोलीस आले. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटचं कुलूप तोडलं आणि आतून एमडी या अमली पदार्थाच्या पुड्या, इलेक्ट्रॉनिक काटा आणि झिपच्या चिमुकल्या पिशव्यांचे गठ्ठे बाहेर काढले. घरमालक दुपारचं जेवण टाकून धावत आले. पंचनामा चालू होता. मालकांनी पोलिसाच्या खांद्यावरून आत डोकावलं आणि विचारलं, ‘‘भिंतीला खिळे ठोकलेत का हो?’’

नव्हते ठोकले. एकही नाही. मालकांचा जीव भांड्यात पडला.

हसू नका. ज्यांनी ज्यांनी भाड्याच्या घरात दिवस काढलेत, त्यांना खिळ्याची ही दहशत ठाऊक आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारात मालकाला आगाऊ कळवून घर पाहायला येण्याचा हक्क असतो. तो वापरायचा कशासाठी? तर भोकं मोजायला. मी एक घर सोडलं तेव्हा आमचे मालक टॉर्च घेऊन आले होते. एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात माझ्याआधीच्या भाडेकरूच्या वेळचे भिंतींचे फोटो. कॅलेंडरचं एक, घड्याळाचं एक, देव्हाऱ्याची दोन, अशी चार भोकं निघाली. देव्हाऱ्याच्या भोकात त्यांनी करंगळी घालून पाहिली आणि ‘‘हे फार खोल गेलंय’’ असं दातांच्या डॉक्टरच्या आवाजात सांगितलं. डिपॉझिटमधून दोन हजार कापले. भोकाला पाचशे. खोली इंचभर. या दराने फुटाचा हिशेब केला, तर बोअरवेल कितीतरी स्वस्त पडते आणि तिला निदान पाणी तरी लागतं. शिवाय मी निघाल्यावर त्याच भोकांत खिळे बसवून पुढच्या भाडेकरूने आपलं कॅलेंडर, आपलं घड्याळ आणि आपले देव लावले, हे मला वॉचमनने सांगितलं. म्हणजे माझी भोकं मालकांनी भाड्याने दिली!

मुद्दा असा की, जो माणूस घरात राहतो, तो खिळा ठोकतोच. त्याला दुधाचे खाडे लिहायला कॅलेंडर लागतं. आरसा लागतो, किल्ल्या अडकवायला जागा लागते, आईने दिलेला गणपती कुठेतरी टांगावा लागतो. दोन वर्षांत ज्या घरात एक खिळा ठोकला गेला नाही, त्या घरात कुणी राहत नव्हतं; तिथे काहीतरी चालत होतं. पण आमच्याकडे खिळा दिसला की मालक चिडतो आणि कोरी भिंत दिसली की म्हणतो, ‘काय सोन्यासारखी माणसं मिळाली!’

आणि ती सोन्यासारखी माणसं कशी असतात, तेही पाहा. बाजारभावापेक्षा तीन हजार जास्त देतात. सहा महिन्यांचं भाडं आधीच, रोख. करार नोंदवायचा आग्रह नाही, पावती नको. नळ गळतोय म्हणून कधी फोन नाही, रंग काढून द्या अशी कटकट नाही, कुणाकडे जाणं-येणं नाही. खिडक्यांना आतून कागद लावलेले, त्यामुळे पडद्यांच्या दांड्यांचाही प्रश्न मिटला. पोलिसांच्या लेखी ही सगळी संशयाची लक्षणं आहेत. मालकाच्या लेखी हे छत्तीस गुण जुळलेलं स्थळ आहे.

‘पण पोलीस व्हेरिफिकेशन केलं होतं,’ असं तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचे मालक सगळ्यांना सांगत होते. केलं होतं म्हणजे एजंटने भाडेकरू मुलालाच ऑनलाइन फॉर्म भरायला लावला होता. फोटो त्याचा, कागद त्याचे, ओळख सांगणारे दोघे त्याचेच मित्र. हे म्हणजे स्थळाची चौकशी नवऱ्या मुलाकडेच करण्यासारखं झालं. अहो, त्या फॉर्मची पोच म्हणजे पोलिसांनी दिलेला चारित्र्याचा दाखला नव्हे. तुम्ही माहिती दिलीत, एवढाच तिचा अर्थ. फॉर्मवरचा मुलगा आणि घरात राहणारा मुलगा एकच आहे का, हे पाहायला जिने तुम्हालाच चढावे लागतात. इथे तो एक नव्हता.

करार नोंदवला नव्हता, हे ओघानेच आलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू म्हणेल ते खरं. याहून जड कायदा १९८५चा, अमली पदार्थांचा. आपली जागा या धंद्याला जाणूनबुजून वापरू दिली, तर कलम २५ प्रमाणे मालकालाही त्याच गुन्ह्याची शिक्षा. त्या कलमात घर, खोली, आवार, वाहन, इतकंच काय, जनावरही आहे. खिळा नाही. एमडी पन्नास ग्रॅमच्या वर सापडली की किमान दहा वर्षं सक्तमजुरी. पन्नास ग्रॅम म्हणजे घरी पाच-सहा पाहुणे आले, तर चहाला लागते तेवढी साखर. आता ‘मला काहीच ठाऊक नव्हतं’ हे मालक तपास अधिकाऱ्यांना पटवताहेत. भोकाची खोली करंगळीने मोजणाऱ्या जमातीवर हा विश्वास कुणी ठेवायचा, ते मी सांगू शकत नाही.

राग या सगळ्याचा नाही. राग याचा आहे की, या प्रकारानंतर सोसायटीने जाचक नियम केले ते दुसऱ्यांसाठीच. चौथ्या मजल्यावर नर्सिंगच्या तीन मुली राहतात. नोंदवलेला करार, वेळेवर भाडं, भिंतीवर ड्युटीचा तक्ता. रात्रपाळीहून येतात म्हणून त्यांना घर सोडायची नोटीस दिली! आणि ज्याने जास्तीच्या तीन हजारांसाठी दोन वर्षं स्वतःच्या घराचं दार वाजवलं नाही, तो मालक सोसायटीच्या सभेत पहिल्या रांगेत बसून ‘बॅचलर नकोतच’ म्हणत होता. लाज नावाची वस्तू यांनी कुठल्या भिंतीला टांगली होती?

तेव्हा मालक लोकहो, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा कळवून जा. चहा मागा. भाडं बँकेत घ्या, फॉर्म स्वतः भरा, त्यातला फोटो माणसाशी ताडून पाहा. भिंतीवर कॅलेंडर असेल तर गुपचूप परत या. नसेल आणि दारही धड उघडत नसेल, तर १९३३ हा नंबर अमली पदार्थांच्या तक्रारींसाठीच आहे. चोवीस तास चालू असतो. फोन फुकट आहे.