दणकटपणाची हौस

कोल्हापुरात वस्तू नुसती चांगली असून भागत नाही, ती दणकट लागते. बॅगेच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक किंमत विचारण्याआधी पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघतं. दुकानदारही तयारीचा असतो. तो बॅग जमिनीवर आडवी टाकतो आणि चप्पल काढून तिच्यावर उभा राहतो. प्रवासात आपल्या बॅगेवर ऐंशी किलोचा माणूस नेमका कधी उभा राहणार, हे कोणी विचारत नाही. एवढ्यानंही गिऱ्हाइकाच्या कपाळावरची आठी गेली नाही, तर ठेवणीतलं वाक्य निघतं : "ओ पाव्हणं, मिलिटरीचा माल हाय!" मग घासाघीस फक्त पैशाची उरते.

या वाक्याला इथं वजन आहे, त्याला कारण आहे. शिरोळ तालुक्यातल्या एका गावानं तर आपलं नावच सैनिक टाकळी असं करून घेतलंय. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला, म्हणजे आमच्या हिशेबानं शेजारच्याच गल्लीत. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडच्या कितीतरी घरांत पलंगाखाली एक काळी पत्र्याची ट्रंक असते. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. त्या ट्रंकेनं पठाणकोट पाहिलेलं असतं, तेजपूर पाहिलेलं असतं, आणि आता तिच्या पोटात वाकळा आणि लग्नातल्या साड्या असतात. ट्रंक पेन्शनीत आली, पण तिचा कडीकोयंडा अजून हजेरीला उभा असल्यासारखा ताठ. ती बघत मोठी झालेली पोरं दुकानात मिलिटरीचं नाव ऐकून विरघळली, तर नवल नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराला नकोसा झालेला माल खरोखरच बाजारात आला होता. तंबू, बूट, कोट, अगदी जीपसुद्धा. 'डिस्पोजलचा माल' म्हणून त्याची ख्याती झाली. त्या पिढीतले लोक डिस्पोजलच्या ब्लँकेटबद्दल अजून आदरानं बोलतात, कारण ते अंगाला टोचायचं आणि फाटायचं मात्र नाही. आज टपरीवर लटकणाऱ्या बॅगांत त्या मालापैकी बहुतेक वेळा फक्त रंग शिल्लक असतो. लष्करानं १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी नवा ठिपक्याठिपक्यांचा गणवेश दाखवला, त्या नक्षीची हक्कनोंदणीही केली आणि हे कापड खुल्या बाजारात विकायचं नाही असं ठरवलं. तरी बाजार तो बाजार. तिथं शाळेच्या डब्याची पिशवीसुद्धा जंगलात लपायच्या तयारीनं आलेली असते.

खरा दणकटपणा रंगात नसतो, तो सुतात आणि शिलाईत असतो. कापडाच्या मागांची इचलकरंजी जवळ असल्यामुळे हे आम्हाला समजायला अवघड जाऊ नये. बॅगेच्या कापडावर 'डेनियर' लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. म्हणजे हजार डेनियरचा धागा नऊ किलोमीटर ताणला तर एक किलो भरतो. ही जाडी नायलॉनची असेल तर कापड वर्षानुवर्षं घासलं तरी हटत नाही. जुनं सुती कॅनव्हास आणखी वेगळं. ते भिजलं की धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि पाणी बऱ्यापैकी अडतं. मात्र त्याच वेळी बॅग पाणी पिऊन जड होते, आणि ओली घडी घालून ठेवली तर आठवड्यात बुरशी धरते. आणि कापड कुठलंही असो, आधी जाते ती चेन. मग पट्टा जिथं पाठीला शिवलाय ती जागा. दुकानदार बॅगेवर उभा राहतो, चेन शंभर वेळा मागंपुढं ओढून दाखवत नाही, यातच काय ते आलं.

या सगळ्याची परीक्षा घ्यायला आमच्याकडे सोय आहे. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज १६६० च्या जुलैत ज्या वाटेनं विशाळगडाकडे निघाले, त्या पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर दर पावसाळ्यात पदभ्रमंती होते. चिखल, जळवा, भाताची खाचरं आणि न थांबणारा पाऊस. पहिल्यांदा येणारा पोरगा हमखास मिलिटरी छापाची अवाढव्य सॅक घेऊन येतो. तिला दहा कप्पे, पंधरा पट्टे आणि बाटली अडकवायला तीन जागा. पहिल्या चढाला तो पट्टे आवळतो, दुसऱ्याला सैल करतो, तिसऱ्याला कोणीतरी सॅकची एक बाजू धरावी म्हणून मागं बघतो. मुरलेला भ्रमंतीवाला साधी छोटी सॅक घेतो आणि कपडे आत खताच्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड सुतळीनं बांधतो. वाटेतल्या शिवारात खोळ पांघरून भात लावणाऱ्या बाया या दोघांकडेही बघून हसतात, पण पहिल्याकडे बघून जरा जास्त.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आहेत. चोवीस वर्षं पाठीवर सामान घेऊन डोंगर चढले. परवा स्टँडवर भेटले, तर हातात गुलाबी झाक असलेली, चार चाकांची, बोटानं ढकलली तरी पळणारी बॅग. मिलिटरी कॅन्टीनमधून घेतलेली. शेजारी भरतीची तयारी करणारा एक पोरगा उभा होता, पाठीवर फौजी छापाची सॅक, आत एक वही आणि चार्जर. त्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही मिलिटरीची बॅग नाही वापरत?" सुभेदार म्हणाले, "बाळा, मिलिटरीत बॅग निवडायची नसती. देतील ती घ्यायची. आता निवडायची पाळी आलीया, तर चाकाची घेतली. ज्यानं वझं वाहिलंय, त्याला चाकाची किंमत कळती."

मला वाटतं, दणकटपणाच्या हौसेचं मर्म इथंच आहे. ज्यांना खरोखर वाहावं लागलं, ते संधी मिळताच ओझं खाली ठेवतात. ज्यांना वाहावं लागलं नाही, त्यांना ते पाठीवर मिरवावंसं वाटतं. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात ठोकात बॅगा बघत हिंडताना हे फार जाणवतं. हा बाजार जिथं वसला, त्या वळिवडे गावाच्या हद्दीत १९४३ पासून चारपाच वर्षं पोलंडहून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसं छावणीत राहिली, बरीचशी बायका-मुलं. सैबेरियातून इराणमार्गे, हाताला लागेल तेवढं घेऊन ती इथवर आली होती. ती गेली आणि फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी कुटुंबं आली, तीही तशीच, घर मागं टाकून. त्यांनी इथं गाठोडी सोडली, दुकानं मांडली आणि जिल्ह्याला कपडे पुरवले. बोचकं घेऊन पळावं लागलेल्यांच्या गावात आज आपण सहलीसाठी लढाऊ बॅग शोधतो, आणि ती मिळतेही, हे आपलं भाग्यच म्हणायचं.

बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला मी विचारलं, कुठली बॅग घ्यावी? सुई दातात धरूनच तो म्हणाला, "कुठलीबी घ्या, पर वापरा. वापरलेली बॅग उसवती, तिला टाका घालता येतो. माळ्यावरची आतनं सडती, तिला टाका घालायचा कुठं?" त्याचं खरं आहे. आतला पाणी अडवणारा लेप आपल्या दमट हवेत बसल्या बसल्या चिकट होतो आणि त्याच्या खपल्या निघायला लागतात. तीस वर्षं टिकेल म्हणून घेतलेली बॅग अशी एकही स्टेशन न बघता संपते. तेव्हा हरिप्रिया एक्स्प्रेसचं तिरुपतीचं तिकीट आधी काढावं आणि मग बॅग बघायला जावं. गाडीची वेळ ठरलेली असली की माणूस पट्टे ओढत बसत नाही, चेन लागते का एवढंच बघतो.