सोवळ्यातलं खातं

हार्वर्ड विद्यापीठाच्या दक्षतेचं कौतुक करावं तेवढं थोडं. २०१७ साली प्रवेश पक्का झालेल्या निदान दहा मुलांनी फेसबुकवरच्या खासगी गटात अश्लाघ्य मीम टाकली. विद्यापीठाने प्रवेशच काढून घेतला.

सुज्ञ उमेदवार आता अर्जाआधी जुन्या पोस्ट पुसतो, वृक्षारोपणाचा फोटो लावतो (कुंडीतलं रोप चालतं). पण एवढ्यावर थांबू नये. बारशालाच खातं उघडावं. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, तर तिथूनच ते पोस्ट करावेत. खाली ‘नेतृत्वाकडे पहिलं पाऊल’.

नियम सर्वांना सारखा. २००३ मध्ये हार्वर्डच्याच एका विद्यार्थ्याने सहाध्यायींचे फोटो परस्पर उचलून ‘जास्त आकर्षक कोण’ असा कौल मागणारी साइट काढली. चौकशी त्याचीही झाली.

मार्क झुकरबर्ग त्याचं नाव. हार्वर्डने त्याला मानद डॉक्टरेट दिली, त्याच २०१७ मध्ये.