नुकसानीची तारीख

न्यू जर्सीतल्या जुन्या घरांना चिमणी असते ती दोन कारणांसाठी. एक, तळघरातल्या गॅस बॉयलरचे विषारी वायू बाहेर जावेत म्हणून. आणि दोन, घर विकणाऱ्या एजंटबाईंना दिवाणखान्यात हात फिरवून ‘फायरप्लेस!’ असं म्हणता यावं म्हणून. आमच्या फायरप्लेसमध्ये आजवर एक काटकी जळलेली नाही. भाद्रपदात तिथे गणपती बसतो, कारण दगडी कमानीचं मखर आयतंच मिळतं. उरलेलं वर्ष तिथे भारतवारीच्या रिकाम्या बॅगा बसतात.

चिमणीचा छपरावरचा भाग मालकीने आपला असला तरी तो दिसतो फक्त समोरच्यांना. समोरचे निवृत्त आजोबा रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन तिच्याकडे बघत बसत. त्यांनीच एकदा रस्ता ओलांडून येऊन, मयताला आल्यासारख्या आवाजात सांगितलं की तुमच्या विटा सुटायला लागल्यात. आम्ही वर पाहिलं. विटांचे पापुद्रे निघाले होते, माथ्यावरच्या सिमेंटच्या थराला भेग गेली होती आणि त्यावरची लोखंडी टोपी कधीच उडून गेली होती.

मग गवंडी आला. इथे त्याला ‘चिमनी गाय’ म्हणतात, पण आमच्या सासूबाईंनी त्याची थापी पाहिली आणि तो गवंडीच झाला. त्याने धुराच्या नळीत कॅमेरा सोडला आणि आपल्या घराची आतड्यांची तपासणी टॅब्लेटवर दाखवली. आत मातीच्या भाजलेल्या नळ्यांचं अस्तर असतं. तेही तडकलेलं होतं. वाईट माणूस कोणी नव्हता, फक्त पाणी. भेगेतून पाणी विटेत शिरतं, रात्री गोठतं, गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं, सकाळी वितळतं आणि संध्याकाळी पुन्हा गोठतं. असे अनेक हिवाळे गेले की वीट पापडासारखी सोलून निघते. अस्तर तडकलं की बॉयलरचा कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, त्यामुळे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणायची सोय नव्हती. खर्च बारा हजार डॉलर. सासूबाईंनी तोंडातल्या तोंडात रुपये केले आणि खुर्ची ओढून बसल्या.

‘इन्शुरन्स देईल,’ नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात वर्षानुवर्षं हप्ते भरणाऱ्या माणसाची निश्चिंती होती. हप्ते तरी आम्ही हौसेने कुठे भरत होतो? घराचा विमा असल्याशिवाय बँक कर्जच देत नाही. कर्जाच्या मासिक हप्त्यातच ती विम्याचे पैसे कापून घेते आणि परस्पर भरते. म्हणजे घर आमचं, धाक बँकेचा आणि पॉलिसी कपाटात.

ती कपाटातून निघाली. इथल्या बहुतेक घरांना असते तीच, एचओ-थ्री नावाची. तिचा स्वभाव मोठा उदार आहे: घराच्या इमारतीचं काहीही झालं तरी भरपाई, जे वगळलं आहे तेवढं सोडून. मग वगळलेलं वाचायला घ्यावं. झीज. जुनेपणा. गंज. कुजणं. घर खचल्याने पडलेल्या भेगा. देखभालीतली हयगय. पूर. भूकंप. किडे, उंदीर-घुशी, पक्षी. नवरा मोठ्याने वाचत होता आणि सासूबाई प्रत्येक शब्दाला छपराकडे बघून मान डोलावत होत्या.

मिळतं कशाचं, तेही वाचलं. वीज पडली तर मिळतं. वादळाने चिमणी पाडली तर मिळतं. झाड कोसळलं, ट्रक येऊन धडकला, विमान पडलं, दंगल झाली, तरी मिळतं. घरातल्या सामानासाठी तर संकटांची नावं घालून यादीच दिलेली आहे आणि तिच्यात ज्वालामुखीचा उद्रेक आहे. न्यू जर्सीत! आकाशातून काही पडलं तरी चालतं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. ८ मे २०२३ रोजी आमच्याच राज्यात, होपवेल टाउनशिपमध्ये एका घराचं छप्पर फोडून उल्का थेट बेडरूमच्या लाकडी जमिनीवर आदळली होती. तो दगड साडेचार अब्ज वर्षांहून जुना. पण पडला एका दुपारी, म्हणून तो ‘अचानक’. आमची वीट साठ वर्षांची. ती मात्र हळूहळू पडली.

नवऱ्याने फोन लावला, स्पीकरवर. पलीकडच्या मुलीने नाव, पत्ता, पॉलिसीचा नंबर घेतला आणि अत्यंत गोड आवाजात विचारलं, ‘नुकसानीची तारीख?’

इथे आमचं घोडं अडलं. आयुष्यभर हळूहळू झालेल्या गोष्टीची तारीख कशी काढायची? टक्कल कोणत्या तारखेला पडलं हे नवऱ्यालाही सांगता आलं नसतं. त्याने ‘गेल्या काही हिवाळ्यांत’ असं म्हणून पाहिलं. मुलगी म्हणाली, संगणकाला एकच तारीख लागते. मग तिला दया आली असावी. तिने विचारलं, चिमणीला कधी आग वगैरे लागली होती का? लाकडाच्या धुराचं डांबर नळीत साचतं आणि एखाद्या रात्री पेट घेतं, त्याची भरपाई मिळते.

नवऱ्याने हे आईंना मराठीत सांगितलं.

‘मग लाव की एकदा,’ सासूबाई म्हणाल्या.

‘आई! फोन रेकॉर्ड होतोय!’

पलीकडून ‘पार्डन?’ आलं. नवऱ्याने माझी आई शुभेच्छा देते आहे असं सांगून फोन ठेवला.

त्यानंतर आमच्या घरात तारखेचा शोध सुरू झाला. जुनी कालनिर्णयं आम्ही टाकत नाही, मागच्या पाककृतींसाठी. ती सगळी जेवणाच्या टेबलावर आली. लग्नाचा मुहूर्तही इतक्या बारकाईने पाहिला नव्हता. अमुक वादळ, तमुक गारपीट, तेव्हा आपण घरी होतो का, काही आवाज आला होता का? आणि एकाएकी नवरा ओरडला, ‘पाच एप्रिल!’

५ एप्रिल २०२४, शुक्रवार. सकाळी दहा वाजून तेवीस मिनिटांनी न्यू जर्सीत ४.८ रिश्टरचा भूकंप झाला होता, केंद्र ट्यूक्सबरीजवळ. हा काही बॉयलरचा आवाज नव्हे हे कळेपर्यंत तो संपलाही होता. दिवस, वेळ, साक्षीदार, सगळं होतं. वर्तमानपत्रात छापून आलेलं होतं. सासूबाईंनी कालनिर्णयावर बोट ठेवून तीन दिवसांनंतरच्या सूर्यग्रहणाचाही उल्लेख केला. इतकी सुंदर तारीख हाती लागल्याच्या आनंदात नवरा पुन्हा फोनपाशी गेला, आणि मीच यादीतला ‘भूकंप’ त्याच्यासमोर धरला. भूकंपासाठी वेगळी पुरवणी, वेगळा हप्ता. विटांच्या चिमण्या भूकंपात सर्वांत आधी ढासळतात, हे काही विमा कंपन्यांना कोणी शिकवायला नको. २०११च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात ५.८चा धक्का बसला तेव्हा किती चिमण्या कोसळल्या. वॉशिंग्टन स्मारकालाही भेगा गेल्या.

शेवटी कंपनीने माणूस पाठवला. त्याने ड्रोन उडवलं आणि शिडीला हातही न लावता निकाल दिला. तो सज्जन होता. टोपी वाऱ्याने उडाली असं मानायला तयार आहे, म्हणाला. टोपीचे साडेतीनशे डॉलर. आमचा डिडक्टिबल, म्हणजे आपण आधी सोसायचा भाग, अडीच हजार. म्हणजे हाती येणार शून्य. शिवाय, तो आवाज खाली आणून म्हणाला, असा शून्याचा दावासुद्धा विमा कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीत चढू शकतो आणि सात वर्षं तिथे राहतो. तेव्हा दावा मागे घ्यायचा का? नवऱ्याने घेतला. मला यात एक न्याय दिसला: हळूहळू झालेल्या नुकसानीची त्यांच्याकडे नोंद नाही, पण मागितल्याची मात्र आहे.

आता पैसे आपलेच, तर काम तरी लवकर उरकावं. पण गवंडी म्हणाला, सप्टेंबरशिवाय हात लावता येणार नाही. फायरप्लेसच्या नळीत पक्षी होते.

हे चिमनी स्विफ्ट, आपल्या पाकोळ्यांच्या जातीतले. हिवाळा काढतात अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आणि बाळंतपणाला उत्तरेत येतात. त्यांना फांदीवर बसता येत नाही, उभ्या भिंतीला लटकतात. काटक्या लाळेने चिकटवून भिंतीवरच घरटं करतात. टोपी नसलेली विटांची चिमणी म्हणजे त्यांच्यासाठी बांधूनच ठेवलेलं घर. घरट्यात अंडी-पिल्लं असताना ते काढणं १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. हप्ता न भरता इतकं संरक्षण! सासूबाई खूश. दुपारी बॅगा बाजूला सारून त्या गणपतीच्या जागेपाशी खुर्ची टाकत आणि पिल्लांची किलबिल ऐकत.

त्या उन्हाळ्यात नवऱ्याने बेंजामिन फ्रँकलिनचं चरित्र वाचलं. सूडानेच, असं माझं मत आहे. फिलाडेल्फिया आमच्यापासून तासा-दीड तासावर. १७५२ साली तिथे फ्रँकलिन आणि मंडळींनी आगीचा विमा उतरवणारी संस्था काढली. ती आधी घर तपासायची, मगच विमा द्यायची. दारात झाड असलेली घरं पुढे तिने नाकारलीच, तेव्हा झाडवाल्यांनी १७८४त आपली वेगळी कंपनी काढली. पण नवऱ्याला भावला तो १७३५ मधला फ्रँकलिन. त्याने आपल्या वर्तमानपत्रात सुचवलं होतं की चिमणी साफ करणाऱ्यांना परवाने द्यावेत, आणि साफ केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत चिमणी पेटली तर दंड साफ करणाऱ्याने भरावा. ‘याला म्हणतात विमा!’ असं तो मला दोनदा ऐकवून गेला.

पक्षी गेले, गवंडी आला, चिमणी नवी झाली. पैसे देताना नवऱ्याने फ्रँकलिनच्या थाटात हमी मागितली. गवंड्याने खिशातून छापील कागद काढला. दहा वर्षांची हमी. झीज, भेगा, पाणी मुरणं, गोठून पापुद्रे निघणं, सगळं हळूहळू होणारं त्यात होतं. खाली बारीक अक्षरांत वगळलेल्या गोष्टी: वीज, वादळ, आग, पडणारी झाडं, धडकणारी वाहनं.

नवऱ्याने पॉलिसी आणली आणि दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकात अचानक, दुसऱ्यात हळूहळू. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ‘आई, आता सगळं कव्हर झालं,’ तो म्हणाला.

‘आणि पाखरं?’ सासूबाईंनी विचारलं.

दोन्ही कागद पुन्हा वाचून झाले. पाखरं दोन्हीकडे वगळली होती.