परळहून वॉशिंग्टनला

एमएला आंतरराष्ट्रीय संबंध घेतो म्हटलं, की लालबाग-दादरच्या घरांतून पहिला प्रश्न येतो, "यूपीएससी देणार का?" नाही म्हटलं, की दुसरा, "मग उपयोग काय?"

जग समजून घ्यायला परीक्षेची परवानगी कधीपासून लागायला लागली?

यूपीएससीत 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' या वैकल्पिक विषयाचे पेपर दोन, गुण प्रत्येकी २५०. झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलेल्या नोट्स. वास्तववाद, उदारमतवाद, सत्तेचा समतोल, सगळ्यावर पिवळा हायलायटर. यात लालबाग-परळचं गिरणगाव कुठे आहे?

कुठेच नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना पोचेना, म्हणून इथल्या कापसाला मागणी आली आणि मुंबईचा बाजार पैशाने फुगला. १८६५ मध्ये ती लढाई थांबली आणि इथल्या बँका, कंपन्या धडाधड बुडाल्या. गोळ्या तिकडे सुटल्या, दिवाळं इकडे निघालं. परराष्ट्र धोरणाचा याहून चांगला पहिला धडा कोणता?

परळच्या ना. म. जोशी मार्गावरून रोज हजारो जण जातात. हे जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. तिथे आठवड्याचे कामाचे तास ठरले ४८. हिंदुस्थानसाठी मात्र ६०! १९२२ च्या कारखाना कायद्यात तेच ६० उतरले.

सत्तेचा समतोल कुणाच्या पाठीवर तोलला जातो, हे गिरणी कामगाराला वेगळं शिकवावं लागलं नाही.

दादरच्या राजगृहात राहिलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. त्यांनी दिलेल्या कारणांत परराष्ट्र धोरणही होतं. एमएच्या वर्गातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

विद्यापीठाने एक करावं. पहिल्याच सत्रात प्रत्येकाला स्वतःच्या वस्तीवर प्रकल्प द्यावा. आखातात तणाव वाढला की लालबागच्या खाणावळीचा सिलिंडर का महागतो? २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क लावलं, तेव्हा कुणाच्या ऑर्डरी गेल्या? चार दारं ठोठावा, विचारा, मराठीत लिहा.

इंग्रजी संदर्भग्रंथ वाचावेच लागतील, जरूर वाचा. पण विचारही उसना आणायचा का?

यूपीएससी निघाली तर आनंदच. नाही निघाली, तरी शिक्षण वाया जात नाही. चॅनेलवरचे तज्ज्ञ रोज रात्री नवं युद्ध पुकारतात. "याचं बिल कोण भरणार?" असं विचारणारा एक तरी माणूस प्रत्येक चाळीत हवा.