बंदूक असावी, घाई नसावी

फावल्या वेळात खेळणारा माणूस खेळ बनवणाऱ्यांच्या हिशेबात सहसा धरलेला नसतो. हिशेबात असतो तो रात्र रात्र जागणारा, डोळे तांबारलेला, बोटं डोक्याच्या आधी कीबोर्डवर पोचणारा पोरगा. दुपारी जेवणानंतर वामकुक्षी घ्यावी की खेळावं अशा पेचात सापडलेला, दार वाजलं की खुर्ची मागे सारून उठणारा एखादा गृहस्थ बंदूक घेऊन अंधाऱ्या बोळात उभा असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. पण असे गृहस्थ असतात. आमचे दाजी तसे आहेत. घरात उंदीर निघाला तर पिंजऱ्यात धरून त्याला ओढ्यापलीकडे सोडून येणारा हा माणूस. निवृत्तीनंतर मुलाचा जुना लॅपटॉप त्यांच्या वाट्याला आला आणि मी सांगलीला गेलो तेव्हा, जणू दोडक्याच्या बियांबद्दल विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "अरे, ते गोळीबाराचे खेळ असतात ना, त्यातलं एखादं जुनं सांग. बंदूक असावी, पण घाई नसावी."

या अटीने अलीकडचे बहुतेक खेळ आपोआप गळाले. ते इंटरनेटवर, खऱ्या माणसांविरुद्ध खेळायचे असतात, आणि खऱ्या माणसांना 'जरा थांबा, गॅस बंद करून येतो' असं सांगायची सोय नसते. सांगितलंच, तर पलीकडचा शाळकरी सवंगडी आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तशी ही रीत जुनीच. काउंटर-स्ट्राइक 1999 सालचा, म्हणजे जुनेपणात कुठे कमी नाही. पण त्यात एकदा मेलं की फेरी संपेपर्यंत इतरांचं कर्तृत्व बघत बसावं लागतं. दाजी पहिल्या अर्ध्या मिनिटात गेले असते आणि उरलेला वेळ कीर्तनाला बसल्यासारखे बसले असते.

त्याआधीच्या, एकट्याने खेळायच्या खेळांत एक विलक्षण सौजन्य आहे. एस्केप दाबलं की अवघं जग जागच्या जागी थांबतं. अंगावर चालून आलेला राक्षस, त्याने फेकलेला आगीचा गोळा, आपल्या बंदुकीतून नुकतीच निघालेली ठिणगी, सगळे तसेच थबकून आपली वाट बघतात. आपण चहा घेऊन येतो. चहा निवलेला असतो, आगीचा गोळा मात्र तसाच गरम. पुराणातल्या राक्षसांनीही देवांना एवढी सवलत दिल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून सुरुवात डूमपासून केली. टेक्ससमधल्या आयडी सॉफ्टवेअर नावाच्या मूठभर पोरांच्या कंपनीने 10 डिसेंबर 1993 ला तो बाहेर काढला, त्याचा पहिला भाग फुकट वाटला आणि 1997 मध्ये सोर्स कोडही खुला करून टाकला. तेव्हापासून हौशी मंडळी सापडेल त्या यंत्रावर डूम चालवून दाखवतात, तिथे दाजींच्या लॅपटॉपची काय कथा. जाणकार लोक त्याबद्दल बोलू लागले की जॉन कारमॅकच्या अचाट प्रोग्रामिंगबद्दल बोलतात. मला त्यातल्या अपुरेपणाचं कौतुक आहे. वर बघता येत नाही, खाली बघता येत नाही, उडी मारता येत नाही. शत्रू उंच सज्जात उभा असला तरी बंदूक सरळ समोर धरायची, गोळी आपली आपण वर चढून त्याला शोधते. खोलीवर खोली बांधता येत नाही, कारण आतला नकाशा मुळात कागदासारखा सपाट. स्पाँडिलायटिस झालेल्या माणसाला याहून सोयीचं युद्ध मिळायचं नाही.

खेळ सुरू करताना किती अवघड हवंय ते विचारतात. पाच पायऱ्या आहेत, आणि सगळ्यांत सोप्या पायरीचं नाव आहे, 'मरायला मी अजून फार लहान आहे'. पोरांनी पोरांची उडवलेली खिल्ली. ती पायरी घेतली की लागणारा मार निम्मा होतो आणि सापडणारी काडतुसं दुप्पट. दाजींनी चष्मा कपाळावर चढवून ते नाव वाचलं. मागच्या वर्षीच त्यांच्या हृदयात स्टेंट बसवलाय. स्वयंपाकघरातून ताईने विचारलं, "कुठलं घेतलंत हो?" दाजी म्हणाले, "योग्य तेच घेतलंय," आणि एंटर दाबलं.

डूममध्ये पडद्याच्या तळाशी मधोमध आपला स्वतःचा चेहरा असतो. तो उगाच डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, नवी बंदूक सापडली की दात विचकून हसतो, आणि मार बसत गेला की रक्ताने माखत जातो. शेजारीच प्रकृतीची टक्केवारी आकड्यात लिहिलेली असते, पण दाजी तिच्याकडे पाहत नाहीत. "दमलाय बिचारा," म्हणतात आणि त्याला एका कोपऱ्यात नेऊन उभा करतात. उभं राहून तिथे प्रकृती सुधारत नाही, औषधाची पेटी शोधावी लागते, हे मी दोनदा सांगितलं. त्यांचं म्हणणं पडलं की विश्रांतीने कुणाचं नुकसान होत नाही.

पहिल्याच दालनाला खिडकी आहे. बाहेर मोकळं अंगण, त्यात निळं चिलखत ठेवलेलं, मागे डोंगरांची रांग आणि ढगाळ आभाळ. हे सगळं घडतं फोबोसवर, म्हणजे मंगळाच्या त्या चंद्रावर, ज्याचा व्यास जेमतेम 22 किलोमीटर आणि जिथे ढग धरायला हवाच नाही. त्या अंगणात थेट जाता येत नाही; वाट पुढे कुठेतरी भिंतीआड दडवलेली आहे. इतर लोक ही पहिली पातळी मिनिटाभरात ओलांडतात म्हणे. दाजी खिडकीशी थांबले ते थांबलेच. "जुलैत महाबळेश्वरला अगदी असंच असतं," असं काहीसं पुटपुटले. मागून एक सैनिक येऊन त्यांना गोळ्या घालत होता, त्याच्याकडे त्यांनी थोड्या वेळाने लक्ष दिलं.

आळशी माणसाला डूमने आणखी एक देणगी दिली आहे: त्यातले राक्षस आपसांत भांडतात. एकाची गोळी चुकून दुसऱ्याला लागली की दुसरा आपल्याला विसरतो आणि पहिल्यावर उलटतो. आपण दोघांच्या मधोमध उभं राहायचं, आयत्या वेळी बाजूला व्हायचं, आणि मग भिंतीला टेकून बघत राहायचं. त्यातही बारकावा असा की आगीचे गोळे फेकणाऱ्यांना आपल्याच जातीच्या राक्षसाचा गोळा बाधत नाही. भांडण पेटायला परका लागतो. बंदूकधारी शिपाई मात्र एकमेकांतही जुंपून घेतात. दाजींनी हयातभर सहकारी संस्थेत नोकरी केली. ही कला त्यांना शिकवावी लागली नाही.

डूमच्या आधीचं, 1992 चं वुल्फेन्स्टाइन थ्रीडीही मी लॅपटॉपवर घालून दिलं. नाझींच्या किल्ल्यातून निसटायचा तो खेळ. तिथली सगळ्यात सोपी पायरी निवडताना पडद्यावरच्या रांगड्या नायकाच्या डोक्याला बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी दिसते. जखमी झालात तर ताटात वाढलेली कोंबडी खायची, तीही नसेल तर कुत्र्याचं अन्न; त्याने प्रकृती चार टक्क्यांनी सुधारते. खरी गंमत भिंतींत आहे. काही भिंती ढकलल्या की मागे सरकतात आणि आत सोन्याचे पेले, मुकुट दडवलेले असतात. कुठल्या सरकतात याची खूण बहुधा नसते. घाईच्या माणसाला हा छळ वाटतो. दाजी स्पेसबार दाबत दाबत अख्खा मजला भिंतीच्या कडेकडेने चालून येतात, आणि मेलेल्या नाझींच्या मधून ही प्रदक्षिणा चाललेली असते. एवढंच की या जुन्या खेळांनी काहींना गरगरतं. डूममध्ये वजाचं बटण दाबून चित्र लहान करता येतं. ही सोय खरं म्हणजे त्या काळच्या मंद संगणकांसाठी केलेली होती, पण मंद पित्तालाही ती लागू पडते.

माझ्या मनातून द्यायचा होता तो खेळ वेगळाच. आयजीआय. डिसेंबर 2000 मध्ये तो आला आणि इथे, आपल्याकडे, तालुक्याच्या गावातल्या सायबर कॅफेपर्यंत पोचला. पडद्याला पडदा लावून केलेले कप्पे, तासाच्या हिशेबाने पैसे, आणि प्रत्येक कप्प्यात डेव्हिड जोन्स नावाचा तोच एकटा हेर काटेरी कुंपणाबाहेर दबा धरून बसलेला. नॉर्वेतल्या इनरलूप या कंपनीने तो बनवला. आधीच्या एका विमानांच्या खेळासाठी रचलेलं इंजिन त्यांनी त्यात वापरलं, म्हणून जमीन अफाट पसरलेली. टेकडीवरून दुर्बीण लावून खालचा शत्रूचा तळ निवांत न्याहाळता यायचा: टेहळणीचा मनोरा, येरझारा घालणारा पहारेकरी, बराकीचं दार. गोळी झाडण्यापेक्षा ते न्याहाळणंच मला जास्त आवडायचं. दाजींना ते किती आवडलं असतं! पण या खेळात मोहीम चालू असताना मध्ये कुठे सेव्ह करता येत नाही. अलार्म वाजला, बराकीतून माणसं निघतच राहिली, आणि शेवटच्या दारापाशी गोळी लागली की पुन्हा पहिल्या कुंपणापासून आरंभ. ऑस्लोच्या त्या मंडळींना लोडशेडिंग ही गोष्ट ठाऊक नव्हती. आमच्याकडे जोन्स शत्रूच्या गोळीने जितका मेला, तितकाच वीज गेल्याने मेला असेल. एकदम अंधार व्हायचा, सगळ्या कप्प्यांतून एकच सुस्कारा यायचा, आणि मालक काउंटरमागून मेणबत्ती शोधत सांगायचा की आतापर्यंतचे पैसे द्यावे लागतील. या आठवणीची शिफारस करता येत नाही. ती ज्याची त्याला असावी लागते.

क्वेक मी सांगितलाच नाही. 1996 चा तो थोर खेळ पाहताना मला नेहमी पावसाळ्यातल्या नळाच्या पाण्याची आठवण येते, रंगाने. सीरियस सॅममध्ये, तो 2001 चा, झाग्रेबच्या पोरांनी केलेला, दोन हातांत दोन बॉम्ब घेतलेली बिनडोक्याची माणसं किंचाळत अंगावर धावून येतात. डोकं नसताना किंचाळतात कुठून, हा प्रश्न दाजींना दिवसभर पुरला असता. पण स्टेंटचा विचार करून मी गप्प राहिलो. 'नो वन लिव्ह्ज फॉरएव्हर'ची मात्र हळहळ वाटते. साठच्या दशकातली केट आर्चर ही हेर, आणि शत्रूचे पहारेकरी कोपऱ्यावर उभे राहून एकमेकांशी मनमोकळ्या गप्पा मारणारे. त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत गोळी घालणं शिष्टाचाराला धरून वाटत नाही, आणि पुरं झाल्यावर घालवत नाही. हक्क नेमके कुणाचे या गुंत्यात तो 2000 सालचा खेळ असा अडकला की दुकानात मिळणंच बंद झालं.

शेवटी हाफ-लाइफ दिला. नोव्हेंबर 1998, व्हॉल्व्ह कंपनीचा पहिला खेळ, आणि माझ्या मते या सगळ्या कुळातला सर्वांत शहाणा. गॉर्डन फ्रीमन, वय 27, एमआयटीची सैद्धांतिक भौतिकशास्त्रातली डॉक्टरेट, तोंडातून अवाक्षर काढत नाही. खेळ सुरू होतो तो न्यू मेक्सिकोतल्या ब्लॅक मेसा या भूमिगत प्रयोगशाळेत, एका लोंबत्या ट्रामच्या डब्यात. कितीतरी मिनिटं आपण नुसते कामावर चाललेले असतो. खिडकीबाहेर यंत्रमानव पिंपं हलवतायत, एक पहारेकरी बंद दारावर ठोठावतोय, वरून एक बाई संथ आवाजात सूचना देतेय. हातात काही नाही, करण्यासारखं काही नाही. उतावीळ लोक इथे वैतागतात. दाजींनी ट्रामचा प्रवास संपल्यावर विचारलं, "परत त्यात बसता येतं का?"

पुढे प्रयोगशाळा. शास्त्रज्ञ भेटतात, बोलतात. खाण्याच्या खोलीत मायक्रोवेव्ह आहे, त्याचं बटण दाबत राहिलं की कुणाचं तरी जेवण आत फुटतं. दाजींनी एकदा दाबलं आणि फार खजील झाले. मग पोशाख चढवून खाली जायचं आणि गॉर्डनने नमुन्याची गाडी त्या महाकाय यंत्रात ढकलायची. एवढंच काम. "एवढं शिकून गाडा ढकलायचा?" दाजी म्हणाले. मी सांगितलं की तो ढकलला की अनर्थ होतो, छप्पर कोसळतं, कुठल्या दुसऱ्या जगातले प्राणी येतात आणि खऱ्या खेळाला तोंड फुटतं. पहिलं हत्यार, एक पहार, तीही त्यानंतरच मिळते.

महिन्याभराने ताईचा फोन आला. म्हणाली, "अरे, ह्यांना जरा समजाव. रोज दुपारी ट्रामने कामावर जातात, सगळ्यांना भेटतात, आणि पाचला लॅपटॉप मिटून चहाला येतात. तो गाडा काही ढकलेनात."

मी दाजींना फोनवर बोलावलं. म्हटलं, "दाजी, बंदूक हवी होती ना तुम्हाला? ढकलल्याशिवाय कशी मिळणार?"

"ढकलीन की," दाजी म्हणाले. "पण तिथे सगळ्यांचं इतकं व्यवस्थित चाललंय, आणि आज तर तो दारावरचा पहारेकरी आपण होऊन बोलला माझ्याशी. बघू, दिवाळीनंतर."